सासूबाईंची मशीनगन

माझ्या सासूबाईंनी मशीनगन चालवली होती.

आज पहाटे पुण्यात त्या गेल्या. वय एकोणऐंशी.

दुपारपासून सगळे विचारताहेत, हा फोटो कुठला? साडीवर माझं पफर जॅकेट, कानावर लाल इअरमफ आणि पुढ्यात ही एवढी मशीनगन.

तर ऐका.

सासूबाई एकतीस वर्षं पुण्याजवळच्या एका दारूगोळा कारखान्यात काडतुसं तपासायच्या. काडतूस बोटांत फिरवायचं, पोचा किंवा चीर दिसली की रिजेक्ट, नाहीतर पास. रोज दुपारी भिंतीपलीकडे चाचणी चालायची. धडधडधडधड. बायका काम करता करता ऐकायच्या.

एकदा त्यांनी साहेबांना विचारलं होतं, "मला एकदा मारून बघू द्याल का?"

साहेब हसले. मग सगळा हॉल हसला.

न्यूझीलंडला, हॅमिल्टनला आमच्याकडे आल्या होत्या, तेव्हा मेथी निवडता निवडता त्यांनी हे सांगितलं. अगदी सहज. पण नंतर बराच वेळ हातातली जुडी तशीच होती.

मी इथल्या ते-रापा भागातल्या एका क्लिनिकमध्ये नर्स आहे. तिथे बीपी तपासायला येणारा हेमी जुन्या बंदुकांच्या क्लबमध्ये आहे. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "शनिवारी आमचा मशीनगन डे आहे. आँटीला घेऊन ये."

इथे लोकांना खऱ्या गोळ्यांची मशीनगन चालवता येत नाही. ही गॅसवरची. गोळी सुटत नाही, पण आवाज, हादरा, तोंडाशी जाळ, सगळं शाबूत.

मला वाटलं, हे कळल्यावर त्या हिरमुसतील.

"अगं, मला आवाजच तर हवाय," त्या म्हणाल्या.

नेमकी त्या दिवशी खंडेनवमी. म्हणजे हळदकुंकू, अक्षता आणि नर्सरीतून आणलेल्या कुंडीतला झेंडू, सगळं पर्समध्ये घालून आमची वरात निघाली.

रांगेत तासभर गेला. नंबर आला आणि सासूबाईंनी बूट काढले. मोजेसुद्धा. ओल्या गवतात अनवाणी उभ्या.

चमकदार हाय-विझ जॅकेट घातलेली क्लबची पोरगी धावत आली. "सॉरी लव्ह, शूज ऑन. सेफ्टी रूल."

"आज शस्त्राला बूट घालून हात लावू? मी नाही लावणार."

माझी नऊ वर्षांची इरा कुजबुजली, "मम, एव्हरीवन्स वेटिंग."

आणि मी, शहाणी, वैतागून म्हणाले, "आई, लोक बघताहेत. घाला ना आता!"

त्या चिडल्या नाहीत. रांगेतून बाजूला झाल्या. "राहू दे गं. इतकी वर्षं नाही मारली, आजही नाही." आणि खाली बसून मोजे चढवायला लागल्या.

मला स्वतःचीच लाज वाटली. त्या साहेबांत आणि माझ्यात फरक तो काय राहिला?

मी म्हणजे कुणी मला धक्का दिला तरी मीच सॉरी म्हणणारी. पण गेले त्या पोरीकडे. खंडेनवमी इंग्लिशमध्ये सांगणं महाकठीण. "इट्स लाइक... अ बर्थडे फॉर टूल्स," म्हणाले. तिने पुन्हा बुटांकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात हेमी आला. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

"मराएमध्ये, म्हणजे आमच्या माओरी सभाघरात, जाताना आम्हीही शूज बाहेर काढतो," तो म्हणाला. त्याने गॅस बंद केला, नळी काढली. "गन आता बंद आहे. आँटीने अनवाणी येऊन पूजा करावी. पण चालवताना शूज लागतील. चालेल?"

मी सासूबाईंना विचारलं.

"पूजा झाल्यावर चालेल. कारखान्यात काय आम्ही अनवाणी काम करायचो?"

झाली पूजा. हेमीने टोपी काढली, मग मागच्या रांगेतल्या दोघातिघांनीही काढली. बंदुकीला शोभेचा काडतुसांचा पट्टा लावला होता. पोकळ, नकली. सासूबाईंनी त्यातलं एकेक काडतूसही तपासलं.

"ही दोन रिजेक्ट."

हेमीने ती दोन मुकाट्याने काढून खिशात घातली.

मग बूट. इअरमफ. आणि...

धडधडधडधडधडधड!

शेजारच्या दलदलीतले पुकेको पक्षी जीव घेऊन पळाले. सासूबाईंचा जॅकेटवरून घेतलेला पदर खांद्यावरून सुटला, त्यांना त्याची शुद्ध नाही. तोंड भरून हसत होत्या. इरा किंचाळत होती, "गो आजी! गो आजी!"

हेमी म्हणाला, "वन मोर?"

"आता हिला," सासूबाईंनी मला पुढे ढकललं.

"आई, मला भीती वाटते."

"घाबरतेस कशाला? मी तपासलीय ना?"

मी डोळे मिटून ट्रिगर दाबला. आयुष्यात एवढा आवाज मी कधी केला नव्हता. डोळे उघडले तर सासूबाई मान जराशी कलती करून ऐकत होत्या. चेहरा एकदम गंभीर, ड्युटीवरचा.

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पास."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. भाजी बरी झालीय, यापलीकडे त्यांनी माझं कधी कौतुक केलं नव्हतं. त्या एका शब्दावर मी गाडीत ढसाढसा रडले. आणि त्या मागच्या सीटवर इराला समजावत होत्या की इथले लोक कांदा नीट परततच नाहीत.

आई, उद्याचं तिकीट मिळालंय. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल.

मला तुमचा फार अभिमान वाटतो. हे तुमच्यासमोर एकदाही म्हटलं नाही. चुकलंच.

इथूनच वाकून नमस्कार करते. सुखाने जा.

तुमची सून,
मृणाल