उजेडावर नेमलेला लखीराम

झरीच्या जंगलातल्या लाकूड-डेपोतून निघालेली तार बोरखडीच्या चौकीत यायची आणि तिथून दुसरी तार यवतमाळच्या कचेरीत जायची. आधी या दोन्ही तारा चौकीत जोडलेल्या होत्या. पण जंगलात वीज पडली की ती एवढा सागवान सोडून तारेनं थेट यवतमाळला यायची आणि कचेरीतलं यंत्र जाळायची. अशी तीन यंत्रं गेल्यावर, १९५९ साली, तारांचे साहेब वांढरे यांनी हुकूम काढला : दोन तारांनी एकमेकींना शिवायचं नाही, बातमी मात्र पलीकडे गेली पाहिजे.

या हुकुमातून लखीरामची नोकरी जन्माला आली.

लखीराम शेजारच्या तांड्यातला. आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडलेले; याच्याकडे थोडं कोरडवाहू रान आणि बायको भुरीबाई. साहेबांनी त्याला टेबलाशी बसवलं. डाव्या हाताला जंगलाच्या तारेवर एक दिवा, उजव्या हाताखाली यवतमाळच्या तारेची चावी.

"दिवा लागला की चावी दाबायची. विझला की सोडायची. समजलं?"

"पन बातमी काय हाय, ते कसं समजीन सायेब?"

"ते तुम्हाला समजायचं कारण नाही," साहेब म्हणाले. "समजलं तर उलट घोटाळा होईल."

तार एकाच बाजूनं चाले. जंगलाचं म्हणणं विजेच्या वेगानं यवतमाळला जाई आणि यवतमाळचं उत्तर एसटीनं येई. लखीराम दहा ते चार दिव्याकडे बघत बसे. पापणी लवली की एखादं अक्षर गळायचं, म्हणून त्यानं पापणी न लववायची सवय केली. मग त्या सवयीनंच त्याला धरलं. चुलीत जाळ फडफडला की त्याचं बोट परातीवर टकटक करू लागे. एकदा शेजाऱ्यानं बिडी पेटवायला तीन काड्या ओढल्या, तर यानं तिन्ही वेळा त्याचा खांदा दाबला.

"तुले झालं तरी काय?" भुरीबाई म्हणाली.

"ड्युटी करून राह्यलो," लखीराम म्हणाला, आणि ते खरंच होतं.

एका दुपारी ती भाकर घेऊन चौकीत आली. अंगावर आरशांच्या टिकल्या लावलेला घागरा. दारातून ऊन आलं, टिकल्यांवर पडलं आणि चौकीभर उजेडाचे ठिपके नाचले. दिवा विझलेला होता. पण लखीरामच्या बोटाला आता दिवा आणि घागरा यातला फरक कळत नव्हता. भाकर टेबलावर ठेवून ती परत जाईपर्यंत त्यानं एक लांबलचक तार यवतमाळला पाठवून दिली.

तिकडच्या कारकुनाला तीत ओळीनं एकवीस 'ग' सापडले. तो इमानी माणूस. त्यानं एसटीनं डेपोला पत्र धाडलं : 'ग म्हणजे काय, याचा खुलासा व्हावा.' डेपोतला बाबू घाबरला. आपण काही पाठवलंच नाही, हे कबूल करायची त्याची छाती होईना. त्यानं उत्तर लिहिलं : 'ग म्हणजे गवत.' आठ दिवसांत गवत न्यायला दोन ट्रक जंगलात हजर झाले. बाबू स्वतः विळा घेऊन माळावर उतरला.

हे लखीरामच्या कानावर आलं तेव्हा त्याला अन्न गोड लागेना. तो पायी निघाला, वाटेत गाडी मिळाली, आणि वांढरे साहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

"सायेब, ते तार जंगलानं नाई केली. मायी बायको भाकर घेऊन आलती, तिच्या घागऱ्यानं केली."

साहेबांनी लेखणी उचलली आणि खाली ठेवली. "हे मी वर कसं लिहू? घागरा कोणत्या खात्याचा म्हणू?"

मग त्यांनी कय्युमला बोलावलं. कय्युम फिरत्या टॉकीजचा मेकॅनिक. सिनेमाच्या मशीनमध्ये उजेडाचा आवाज करणारा एक काचेचा डोळा असतो. मोडीत निघालेल्या मशीनचा तसला डोळा त्याच्याकडे पडून होता. त्यानं वनस्पती तुपाच्या डब्यात एका टोकाला दिवा बसवला, दुसऱ्या टोकाला डोळा, आणि डोळ्याच्या मागे चावी ओढणारी यंत्रणा.

"हे पाहा लखीरामभाऊ," तो म्हणाला, "इकून दिवा, तिकून डोळा, मधात निस्ती हवा. उजेड जाते, करंट नाई जात. अन ह्या डोळ्याले पापनीच नाई."

डबा पहिल्या दिवसापासून बिनचूक चालला. लखीराम घरी जायला निघाला, तर साहेबांनी थांबवलं.

"आत तार नाही, हे मला डोळ्यांनी पाहायचं आहे. चालू असताना."

झाकण उघडलं की चौकीतला उजेड आत शिरायचा आणि यवतमाळची चावी खाली चिकटून बसायची. झाकण लावलं की काम सुरू, पण दिसत काही नाही. साहेबांनी सातदा उघडलं, सातदा लावलं. शेवटी त्यांनी लिहिलं : 'डब्यात उजेडाखेरीज काही नाही, अशी लखीराम याची खात्री आहे.' खाली लखीरामचा अंगठा घेतला. ही खात्री रोज लागणार होती, म्हणून लखीरामला कामावर ठेवून घेतलं. आता तो दहा ते चार बंद डब्यासमोर बसू लागला.

पुढच्या रोहिणीत भरदुपारी जंगलात वीज पडली. डब्यातला दिवा फटकन फुटला, जंगलाकडच्या तारा वितळून लोंबल्या. लखीरामनं यवतमाळच्या चावीला हात लावला. ती गार होती. तो खाली बसला आणि त्याला हसू आवरेना.

नोकरीला अशी आठ वर्षं झाली. १९६७ साली डेपोत फोन बसला आणि चौकी मोडली. सामान जमा करायला नवा कारकून आला. त्यानं जुनी यादी वाचली : दिवा एक, चावी एक, डोळे दोन.

"डब्यात डोळा एकच आहे," तो म्हणाला. "दुसरा कुठं आहे?"

"यादीतले ते दोन माये हायेत," लखीराम म्हणाला. "डब्याच्या आधीचे."

"मग जमा करावे लागतील."

अखेर कारकुनानंच वाट काढली. 'डोळे दोन, वापरून झिजले, रद्द,' असं लिहून त्यानं कागद लखीरामच्या हातात दिला.

घरी भुरीबाईनं तो शेजाऱ्याकडून वाचून घेतला.

"मंग आता काई दिसत नाई का तुले?"

"दिसते. पन सरकारी नाई."

"बरं हाय," ती म्हणाली. "कापसाच्या पऱ्हाट्या उपटाले चाल."