आभाराची ओळ

चिखलीच्या आमच्या कॉलेजात पदवीच्या विद्यार्थ्यांचं एक संशोधनाचं नियतकालिक निघायचं आणि मी त्याची विद्यार्थी संपादक होते. नाव मोठं, काम हमालीचं. लेख आला की नियतकालिकाचं काम बघणारे सर त्यावरचं नाव-गाव काढून टाकायचे, मगच तो आमच्या हातात पडायचा. ओळखीपाळखीवर कुणाचा लेख लागू नये म्हणून ही पद्धत. मला तिचा भारी अभिमान होता.

त्या वर्षीचा सगळ्यात चांगला लेख विहिरी खोदणाऱ्या मजुरांच्या छातीच्या आजारावर होता. निवडल्यावर कळलं, लिहिणारी माझ्याच वर्गातली, उंद्रीची. तिचे वडील जन्मभर विहिरी खोदत आलेले. दगडाची भुकटी त्यांच्याही छातीत बसली होती. तरी धापा टाकत त्यांनीच तिला एकेका मजुराच्या घरी नेलं होतं.

अंक छापून आला. तिनं लेखाचं शेवटचं पान उघडलं आणि तिचा चेहराच उतरला. तिथं तिनं वडिलांचं नाव घेऊन आभार मानले होते. त्या नावावरून लेखिका ओळखू येईल म्हणून सरांनी ती ओळही काढली होती. पुढं लेखिकेचं नाव त्यांनी परत घातलं, ओळ मात्र राहून गेली.

"पुढच्या अंकात दुरुस्ती छापू," सर म्हणाले. वरातीमागून घोडं! माझं डोकंच फिरलं, मी सरांशी भांडले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाबा रोज इचारते, माहं नाव कवा छापून येते म्हणून. पुढचा अंक त्याईले पाहाले भेटते का नाही, काय माहीत."

रविवारी मी तिच्यासोबत उंद्रीला गेले. वडील खाटेवर उशीला टेकून बसले होते. त्यांना वाचता येत नव्हतं. तिनं थोडा लेख वाचून दाखवला आणि शेवटी कागदावर नसलेली ती ओळही न अडखळता वाचली, त्यांच्या पूर्ण नावासकट.

"कुठी हाये? बोट ठेव."

तिनं खालच्या संदर्भांमधल्या कुण्या परक्या लेखकाच्या नावावर बोट ठेवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"हे माहंच नाव हाये ना, माय?"

"हाव काका, तुमचंच."

त्यांनी त्या परक्या नावावरून हळूच अंगठा फिरवला. मला तिच्याकडे बघवेना.