पंचवीसपैकी पंचवीस

एखादी गोष्ट कळली नाही की टाइपबाईंना अन्न गोड लागत नसे. महाविद्यालयात टंकलेखनाला लागल्या तेव्हापासूनची ही खोड. प्रश्नपत्रिका टाइप करायच्या आणि उत्तरं विचारत वऱ्हांडाभर फिरायच्या. पुढे जो तो आपापलं टाइप करू लागला, बाईंचं यंत्र अडगळीत गेलं, नाव तेवढं उरलं. फिजिओथेरपीचा अभ्यासक्रम ऑनलाइन झाला तेव्हा दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी प्रत्येक फोटोचं वर्णन लिहायचं काम त्यांच्याकडे आलं. हा मजकूर फोटोच्या आड असे. डोळस पोरांना तो दिसत नसे. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा फोन तो वाचून दाखवी.

बाई हरखल्या. शरीररचनेच्या सरांना जिन्यात गाठून विचारायच्या, “उभा आहे उजव्या पायावर, मग कंबर डावीकडे का कलली?” सर दोन पायऱ्या उतरता उतरता कारण सांगायचे. बाई लिहून घ्यायच्या.

सोमवारी तेच सर बाईंच्या टेबलाशी आले आणि एक कागद त्यांच्यापुढे सरकवला.

“ही दृष्टिहीन मुलगी बघा. चित्रांच्या चाचणीत पंचवीसपैकी पंचवीस. डोळस पोरं तेराला धापा टाकतायत.”

“हुशार असेल.”

“बाई, मी वीस वर्षं शिकवतोय. मला नसते मिळाले. पेपर फुटलाय. गुरुवारी समितीपुढे ठेवतो, नाव कमी होईल तिचं.”

“तिला विचारलंत?”

“चोर कधी हो म्हणतो का?”

सर गेले. बाईंना राहवेना. दुपारी त्यांनी मुलीला बोलावून घेतलं. ती आली, काठी मिटून मांडीवर ठेवली. फोनमधला आवाज पत्र्यावर वाळू ओतावी तसा सुटला होता.

“हे कळतं तुला?”

“कळतं की. माणसं बोलायला लागली की झोप येते मला.” मग हसू मावळलं. “मॅडम, मी नक्कल केली म्हणतात सर. करू कुणाची? शेजारचा तेरावर अडकला. नाव गेलं तर घरचे परत नाही पाठवणार. कसेबसे एकदा हो म्हणालेत.”

“चाचणीतला एखादा प्रश्न ऐकव. हळू लाव.”

फोन वाचू लागला. “रुग्ण उजव्या पायावर उभा आहे. उजव्या खुब्याचे स्नायू दुबळे असल्यामुळे त्याची कंबर डावीकडे खाली गेली आहे. प्रश्न. या रुग्णाचे कोणत्या बाजूचे स्नायू दुबळे आहेत?”

बाईंचे कान तापले. वाक्य त्यांचंच होतं.

“पुढचा लाव.”

पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. जिन्यात मिळालेलं सगळं ज्ञान बाईंनी पोटात न ठेवता वर्णनात ओतलं होतं.

“मला वाटलं सरांनी यंदा सोपा पेपर काढलाय,” मुलगी म्हणाली. “डोळस पोरांना हे नाही का दिसत?”

“कंबर दिसते गं. कारण नाही दिसत.”

संध्याकाळी घरी नवरा कापड बेतत बसला होता. शिंपीकामात त्याचे केस पिकले होते. बाई त्याच्या टेबलासमोर उजव्या पायावर उभ्या राहिल्या आणि मुद्दाम कंबर सैल सोडली.

“अहो, काय दिसतं सांगा.”

“बायको पडणार असं दिसतं.”

“थट्टा नको. मोजून सांगा.”

त्याने चष्म्यावरून पाहिलं. “डावी कंबर दोन बोटं खाली. अंग उजवीकडे कललंय.”

“का बरं?”

“ते मला काय ठाऊक? गिऱ्हाइकाचा खांदा उतरला असेल तर मी ‘उजवा अर्धा इंच खाली’ एवढं लिहितो. का उतरला ते शोधत बसलो तर शर्ट दिवाळं काढेल माझं.”

बाईंनी पाय टेकला आणि त्याचीच पेन्सिल उचलली.

मंगळवारी त्या सरांपुढे उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं.

“म्हणजे पेपर तुम्ही फोडलात.”

“हो. समितीला तसंच लिहा. मुलीचं नाव नको.”

“तुमचं घालू?”

“घाला की. टाइप मीच करून देते.”

सरांना हसू आवरेना. समितीकडे कागद गेलाच नाही. बुधवारी नव्या फोटोंवर तिची फेरचाचणी ठरली. पंचवीस फोटो, बाईंनी शिंप्यासारखे मापलेले: किती खाली, किती वाकलं, कुठल्या बाजूला. कारण कुठेच नाही. वर्णनं आधी सरांनी वाचली, मग मुलीला खोलीत बसवलं. बाई बाहेर बाकावर नखं कुरतडत होत्या.

मुलगी दार उघडून आली. “एकोणीस.”

मागून सर आले. “वर्गात पहिली आहे. नाव कुठेही जात नाही.”

बाईंनी बाकावरून उठत लगेच विचारलं, “सहा कुठले चुकले?”

“पाच माझे. अकरावा तुमचा,” मुलगी म्हणाली. “टाच जमिनीला टेकली होती की नाही, ते तुम्ही लिहिलंच नाही.”

बाईंनी फोटो उघडून मोठा केला.

“टेकलीय,” सर म्हणाले.

“नाही सर, खाली उजेड दिसतोय बघा.”

“ती फरशीची रेघ आहे.”

“रेघ अशी वाकडी असते का?”

मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली. “तुमचं दोघांचं ठरलं की मला सांगा,” ती म्हणाली आणि तिने काठी उघडली.