मैनुद्दीनचा लांबलेला सत्कार

मैनुद्दीन मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ट्रॅक्टरचं दुखणं ओळखतो. माणसाचं म्हणणं मात्र त्याला कानाशी ओरडून सांगितलं तरी कळत नाही. बीडच्या आमच्या ट्रॅक्टर शोरूममध्ये मी, राधाकिशन, सोळा वर्षं कागदपत्रं सांभाळतोय आणि सोळा वर्षं आम्ही दोघं भांडतोय. कशावरून म्हणाल, तर कशावरूनही. हजेरीच्या रजिस्टरवर सहीऐवजी ग्रीसचा अंगठा उमटवणं ही त्याची आवडती खोडी.

तर या मैनुद्दीनला आष्टीच्या एका नव्या शोरूममध्ये वर्कशॉपचा मुख्य म्हणून नोकरी मिळाली. शहाण्या माणसानं आधी कागद बघितले असते. यानं आधी पेढे वाटले. शोरूममध्ये, गल्लीत, वर रसवंतीवाल्यालाही. मालकांकडून राजीनामा मंजूर करून घेतला आणि मग तो कागद माझ्या टेबलावर आणून टाकला.

"आन भाभीच्या ऑपरेशनचं काय?" मी विचारलं.

सायराभाभी म्हणजे त्याची बायको. तिच्या पित्ताशयात खडे होते. कळ उठली की बिचारी जमिनीवर गडबडा लोळायची. ऑपरेशन ठरलं होतं, फक्त शुगर उतरायची वाट होती, आणि खर्च आमच्या शोरूमच्या आरोग्य विम्यातून व्हायचा होता.

"इमा हाय की," तो म्हणाला.

"इमा नोकरीचा हाय. तू सुटलास की त्याच दिवशी तुमची तिघांची नावं यादीतून काढावी लागतात मला."

"आष्टीला नवा मिळंल."

"कवा? इचार तरी."

त्यानं फोन लावला. आष्टीवाल्यांचा विमा रुजू झाल्यावर तीन महिन्यांनी सुरू व्हायचा. स्वतःची पॉलिसी घ्यावी, तर आधीपासून असलेल्या खड्यांसाठी दोन वर्षं थांबा, असं एजंट म्हणाला. आता ही गोष्ट खड्यांना कोण समजावणार? मैनुद्दीन माझ्या समोरच्या खुर्चीत मटकन बसला. गादीला ग्रीस लागलं, पण त्या दिवशी मी त्यावरून भांडलो नाही.

आता आमचे मालक विठ्ठलराव. मूळचे युसूफ वडगावचे, राजकारणात मुरलेले. त्यांच्या शोरूममधून माणूस सत्काराशिवाय जात नाही. फेटा, शाल, नारळ, मोठा पाहुणा आणि शेवटी पाहुण्याच्या हातून कार्यमुक्तीचं पत्र, तेही लॅमिनेशन केलेलं. पत्रावर सत्काराची तारीख. तोवर माणूस कामावर, पगारावर आणि विम्यातही. या सगळ्याला मैनुद्दीन आजवर 'नवरदेवाचं सोंग' म्हणून नाक मुरडायचा.

"सत्कार पायजे मला," तो खुर्चीतून उठत म्हणाला. "पन घाई न्हाई."

पहिली तारीख ठरली, तेव्हा याला पाहुणा लहान वाटला. "एकोणीस वर्षं घासली, आन पाहुणा सरपंच? सभापती तरी आना, मालक." मालक उलट खूश झाले. दुसऱ्या तारखेला हैदराबादचा मेहुणा शहेबाज आल्याशिवाय जमणार नव्हतं. तिसऱ्या तारखेला फेट्याचा रंग पसंत पडला नाही. ज्या माणसाकडं ग्रीस न लागलेला शर्ट नाही, तो रंगावर अडला होता. आष्टीवाले रोज विचारत होते, कधी येता?

आणि भाभीची शुगर काही उतरेना. कारण तेच पेढे. आपल्याकडं कुणाचा पेढा खाल्ला की त्याच्या घरी रिकाम्या हातानं अभिनंदनाला जाता येत नाही. रोज कुणी ना कुणी कलाकंदाचा पुडा घेऊन यायचं. पाहुण्याचा मान म्हणून भाभी त्याच्यासमोर इवलासा तुकडा तोंडात टाकायची. दिवसाला असे आठ-दहा इवलेसे तुकडे झाले. डॉक्टरांनी तिला दोनदा परत पाठवलं.

शेवटी मैनुद्दीन घराच्या दारातच खुर्ची टाकून बसला. अभिनंदन बाहेर घ्यायचा, पुडे वर्कशॉपच्या हत्यारांच्या पेटीत घालून कुलूप लावायचा. त्या आठवड्यात पाना मागितला तर हातात कलाकंद यायचा.

चौथी तारीख गुरुवारची. खुद्द सभापती येणार होते, आता बदल नाही. शुगर उतरली, डॉक्टरांनी तारीख दिली, तीही गुरुवारचीच.

"तू सांग मालकाला," मैनुद्दीन म्हणाला.

"तोंड तुला बी हाय. तूच सांग."

महिनाभर मालकांना झुलवल्याची त्याला लाज वाटत होती. मला वाटलं तो सांगेल, त्याला वाटलं मी सांगेन. गुरुवारी अकरा वाजता मांडव सजला, सभापती स्थानापन्न झाले, मागे फ्लेक्सवर मैनुद्दीनचा हातभर चेहरा आणि खाली खुर्ची रिकामी.

मी मालकांच्या कानाशी लागलो आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता चपलेनंच बोलतील. त्यांनी फक्त विचारलं, "पत्रावर तारीख टाकलीस?"

"आजचीच. लॅमिनेशन बी झालंय."

त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, खुर्चीवर ठेवलं आणि त्यावर बसले. मग माईक ओढून म्हणाले, "आज आपण आपल्या राधाकिशनचा सत्कार करणार आहोत."

सभापतींनी लिहून आणलेलं भाषण बदललं नाही. माझ्या हाताला इंजिनाची नाडी कळते, असं त्यांनी सांगितलं. मी सायकलीत हवा भरायलाही दुसऱ्याला हाक मारतो. दुपारपर्यंत माझ्या जागेसाठी दोघांचे अर्ज आले. बायकोचा फोन आला, "आता कुठं?"

संध्याकाळी मालक आणि मी दवाखान्यात गेलो. ऑपरेशन नीट झालं होतं. मुलगी जोया खड्यांची बाटली धरून बसली होती. मालकांना बघून मैनुद्दीन उभा राहिला. "मालक, चुकलं."

"पहिल्याच दिवशी सांगायचं की, बे. म्या काय इमा कंपनी हाय का?"

खाटेवरून भाभी हळू आवाजात म्हणाली, "म्या म्हनलंतं, सरळ जाऊन सांगा. तर म्हने, मालकाला कावून तरास."

भाभी घरी आली, त्यानंतर आठ दिवसांनी नवं पत्र निघालं. मांडव नव्हता, पाहुणा नव्हता. मी माझी शाल आणून मैनुद्दीनच्या अंगावर टाकली.

"ही तर तुझी हाय बे."

"घडी मोडली न्हाई अजून. नारळ मातर चटणीत गेला."

तो हसला, रजिस्टर ओढलं आणि शेवटच्या दिवसावर ग्रीसचा अंगठा उमटवून आष्टीच्या गाडीला गेला.

संध्याकाळी मी विम्याच्या यादीतून नावं काढली. मैनुद्दीन, सायरा, जोया. दोन मिनिटांचं काम, मला पाऊण तास लागला. मला फार वाईट वाटलं. त्याला हे कधी सांगणार नाही, म्हणून इथं लिहितो. खुर्चीच्या गादीवरचा ग्रीसचा डाग रॉकेलनं निघतो म्हणतात. मी अजून आणलेलं नाही.