ढिला दोर

डोंगरीकडच्या छोट्या धक्क्यावर खंडूला कुणी कामाला ठेवलेलं नाही. तरी भरती भरली की तो येतो आणि कुणाची होडी घट्ट बांधलेली दिसली, की न विचारता तिचा दोर ढिला करतो. लोक वैतागतात, पण म्हातारा कुणाला जुमानत नाही.

परवा दुपारी काशीमीऱ्याच्या निहारने आपली नवी होडी धक्क्याच्या खांबाला आवळून बांधली. खंडूने लगेच गाठ सोडायला घेतली.

"काका, होडी हलतेय, म्हणून घट्ट बांधतोय!"

"हलू दे! ओहोटीला पानी पार खाली जाईल, दोर काय लांब व्हनार न्हाय. होडी लटकंल, नि आतला मानूस खाली!"

निहार हसला. "असं कधी होतं का, काका?"

खंडूने भरपूर दोर सोडून नवी गाठ मारली.

तीस वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ ईश्वर याच धक्क्याखालच्या खडकांवर पडून दगावला. दुपारचं जेवून तो होडीत आडवा झाला होता. होडी हलून त्याची झोप मोडू नये, म्हणून खंडूनेच दोर आवळून बांधला होता.