‘गेलतो’चं इंग्रजी

गिरिजा बाईंचं इंग्रजी कच्चं होतं म्हणून मी त्यांना शाळेतून काढलं, असं सगळ्यांना वाटतं. बायकोलाही तेच माहीत आहे. शाळेच्या कमिटीतल्या माणसांना मी स्वतःच तसं सांगितलं, आणि माझ्या शब्दावर शंका घ्यायची त्यांची टाप नव्हती. खरं काय होतं ते मी आजवर कुणाजवळ उच्चारलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलतोय. ओळखत असता तर हेही बोललो नसतो.

पण आधी माझा राग ऐकून घ्या. त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी कबनूरचा. वडील मागावर कामाला होते. मी त्या भागातले टॉवेल आणि लुंग्या सायकलवर बांधून आठवडी बाजारात विकत बी.ए. झालो. इंग्रजी मला कुणी शिकवलं नाही — मी ते जुनी पुस्तकं वाचून आणि रेडिओवरच्या बातम्या ऐकून उचललं. मग एका साखर कारखान्याच्या ऑफिसात क्लार्कच्या जागेसाठी बोलावणं आलं. समोर तिघं बसलेले. मधल्यानं इंग्रजीत विचारलं, काल काय केलंस? मी सरळ बसून, न अडखळता म्हणालो, “यस्टर्डे आय हॅड गॉन टू द मार्केट.”

तिघंही हसले. मोठ्यानं नव्हे. एकमेकांकडे बघून, नाकातून, जसं घरात कुणी परका चुकीच्या दारातून आत आला की हसतात तसं. मधला म्हणाला, “हॅड गॉन? बरं, बरं.” पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

का हसले? मला वाटलं, माझ्या शर्टाला हसले. मग वाटलं, माझ्या आवाजाला हसले — आमचा आवाज मोठा, मागाच्या खडखडाटात बोलून बोलून तसा झालेला. मग वाटलं, कबनूरला हसले, वडिलांना हसले. वर्षानुवर्षं मी कारणं शोधत राहिलो आणि प्रत्येक कारणावर वेगळा चिडलो. बाजारात कुणी भाव पाडून मागितला की मला त्या तिघांची तोंडं दिसायची. मी कधी पडतं घेतलं नाही ते त्यांच्यामुळे. कापडाचं दुकान झालं ते त्यांच्यामुळे, आणि कोल्हापुरात रिंग रोडच्या बाजूला चौथीपर्यंतची इंग्रजी शाळा काढली तीही त्यांच्यामुळे. आमच्यासारख्यांची पोरं इंग्रजी बोलताना कुणी हसणार नाही — एवढ्यासाठीच शाळा काढली, असं मी पालकांना सांगायचो. खोटं सांगत नव्हतो.

गिरिजा बाई आमच्या शाळेत आल्या तेव्हा शाळेला चार-पाच वर्षं झाली होती. सीमेकडच्या, घरात कन्नड बोलणाऱ्या. उंच, आवाज माझ्याइतकाच मोठा, आणि बोलणं तोडून टाकणारं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला व्हरांड्यात ऐकवलं होतं, “सर, पोरं घाबरतात ती इंग्रजीला न्हाई, तुम्हाला.” मला ही बाई आवडली होती. मी त्यांना प्राथमिकची मुख्य बाई करणार होतो, तसा शब्द दिला होता.

मे महिन्यात मी त्यांना इंग्रजीचं वर्षभराचं नियोजन करायला बोलावलं. लेखन आणि व्याकरण, पहिली ते चौथी. माझा आराखडा तयार होता. जूनमध्ये नाम, जुलैमध्ये सर्वनाम, ऑगस्टमध्ये काळ, सगळ्या व्याख्या तोंडपाठ. बाईंनी तो बघितला आणि टेबलावर पालथा ठेवला.

“सहामाहीपर्यंत व्याकरणाचं नाव काढायचं न्हाई,” त्या म्हणाल्या. “पोरांनी काल काय केलं ते सांगायचं. मग दोन ओळी लिहायच्या. स्वतःच्या.”

“दोन ओळीसाठी पालक फी भरत्यात व्हय? मला फाडून खातील. नागपंचमीपर्यंत देतो.”

“दसरा.”

“गणपती. त्याच्या फुडं एक दिवस न्हाई.”

“गणपती चालेल. पण व्याख्या पाठ करून घ्यायच्या न्हाईत. तिसरीला न्हाई, चौथीला न्हाई.”

“आणि हस्ताक्षराचा तास?”

“तो ठेवा तुमच्याकडं. पोरांचं अक्षर सुधारलं न्हाई तरी तुमचं सुधारंल.”

मी हसलो. माझ्याशी अशी घासाघीस कुणी करत नसे. दिवाळीनंतर कुठल्या वर्गाला पत्र, कुठल्याला गोष्ट, चित्र बघून वाक्यं कधी — सकाळभर आम्ही एकेक महिना भाजीसारखा हातात घेऊन, दाबून बघून, ओढून घेत होतो. त्या सकाळी मी सुखात होतो. हे मुद्दाम सांगतो. पुढचं जे झालं ते भांडणातून झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

मग चौथीच्या निबंधाची पाळी आली. प्रत्येक इयत्तेसाठी एकेक नमुन्याचा उतारा मी स्वतः लिहिला होता — पोरांनी तो आधी पाठ करायचा आणि मग त्यावरून आपला लिहायचा. चौथीचा होता जत्रेवर. लास्ट संडे आय हॅड गॉन टू द फेअर. आय हॅड सीन अ बिग व्हील. आय हॅड ईटन भेळ.

बाईंनी वाचला. पेन्सिल उचलली, खाली ठेवली.

“सर, एवढं एक बदलूया. हॅड गॉन नको. नुसतं वेंट.”

“का?”

“आपण ‘गेलतो’ म्हणतो ना, म्हणून तोंडात हॅड येतं. काल बाजारला गेलतो, भेळ खाल्लती. आपल्याकडं नुसतं ‘गेलो’ कोण म्हणतंय? पण इंग्रजीत काल गेलो तर वेंट. हॅड कधी, तर एका गोष्टीच्या आधी दुसरी झालेली असली तर. मी स्टँडवर पोचलो, त्याच्या आधीच बस गेलती — तिथं हॅड गॉन.”

तुम्हाला हा व्याकरणाचा एक मुद्दा वाटेल. मला त्या तिघांचं हसणं ऐकू आलं. शर्ट नव्हता. आवाज नव्हता. कबनूर नव्हतं, वडील नव्हते. ते तिघं एका शब्दाला हसले होते — आणि बरोबर हसले होते. ज्या रागावर मी घर बांधलं, दुकान बांधलं, शाळा बांधली, त्याच्या तळाशी एक ‘हॅड’ होता. आणि मी तोच ‘हॅड’ आता पोरांच्या तोंडात घालायला निघालो होतो.

बाईंना माझा चेहरा दिसला असावा. त्यांचा आवाज एकदम खाली आला. “आमच्या कन्नडमध्ये पण तसंच हाय, सर. होगिद्दे म्हणतात. माझ्या पण तोंडातून हॅडच यायचं. कॉलेजात मोडलं. त्यात लाजायचं काय?”

त्यांनी चिडून सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. त्यांनी समजून घेतलं. ते मला सहन झालं नाही.

“लाजतंय कोण?” मी म्हणालो. “तुम्ही मला शिकवणार व्हय? माझी शाळा हाय. माझ्या शाळेत हॅडच राहील.”

“पोरं चुकीचं पाठ करतील की.”

“कुणी विचारलं तर सांगा, सरांनी लिहिलंय म्हणून. माझं नाव घ्या.”

“घेते की,” बाई म्हणाल्या, आणि कागद गोळा करून गेल्या.

वर्षभर चौथीच्या वर्गातून तो उतारा सुरात ऐकू यायचा. आय हॅड गॉन, आय हॅड सीन, आय हॅड ईटन. मी ऑफिसात बसून ऐकायचो. चूक आहे हे मला माहीत होतं. अगदी पक्कं माहीत होतं. एक शब्द खोडायला काय लागतं? पेन लागतं. मी उठलो नाही.

गॅदरिंगला मी एका कॉलेजचे निवृत्त प्राचार्य पाहुणे म्हणून आणले होते. त्यांनी चार चांगले शब्द बोलावेत, म्हणजे पुढच्या वर्षी बऱ्या घरांतली मुलं येतील, हा माझा हिशेब. कार्यक्रमात चौथीतली अश्विनी म्हणून एक मुलगी इंग्रजी बोलणार होती. तिचे वडील रिक्षा चालवायचे. त्या दिवशी धंदा बंद ठेवून पहिल्या रांगेच्या टोकाला येऊन बसले होते. मुलगी धीट होती. माइक धरून, मान वर करून तिनं सगळा उतारा घडाघडा म्हटला. टाळ्या पडल्या.

पाहुणे हसले. नाकातून.

तो आवाज मी विसरलो नव्हतो. त्यांनी दुसरा माइक जवळ ओढला आणि म्हणाले, “छान. पण बाळ, हॅड ईटन, हॅड ईटन — भेळ खाऊन झाल्यानंतर पुढं काय झालं? काहीतरी व्हायला पाहिजे ना?”

अश्विनीला वाटलं, खरंच विचारतायत. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, “आय हॅड कम होम.”

पाहुणे मोठ्यानं हसले. त्यांना बघून सगळं सभागृह हसलं. कशाला हसतोय हे त्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. तिचे वडीलही हसले, पोरगी काहीतरी गमतीचं बोलली असं समजून. कशाला हसतायत ते तिथं तिघांनाच कळत होतं. पाहुण्यांना, बाजूला उभ्या असलेल्या गिरिजा बाईंना आणि मला.

आणि मी हसलो.

नाइलाजानं नव्हे. तोंडदेखलं नव्हे. मी पाहुण्यांकडे बघून, बरोबर तसंच, नाकातून हसलो. इतकी वर्षं जे हसणं मी शिव्या घालत सांभाळून ठेवलं होतं, ते माझ्याच नाकातून निघालं — एका नऊ वर्षांच्या पोरीवर, माझ्याच वाक्यासाठी. तिनं आधी पाहुण्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग माइक सोडला.

पाहुण्यांनी विचारलं, “कोण शिकवतं यांना?”

बाई माझ्याकडे बघत होत्या. नाव घ्यायला त्या मोकळ्या होत्या, मीच सांगितलं होतं तसं. त्या वाट बघत राहिल्या.

“आमच्या बाई नवीन आहेत,” मी म्हणालो. “बदलतोय त्यांना.”

दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात आल्या. आता आवाज चढणार म्हणून मी तयारीत होतो, माझाही चढवून ठेवला होता. बाई उभ्या उभ्याच बोलल्या. “मी तुमचं नाव घेतलं न्हाई. तुम्ही घ्याल म्हणून थांबले होते.”

मी म्हणालो, “एप्रिलनंतर येऊ नका.”

काय कारण होतं? त्या व्हरांड्यातून चालत गेल्या की मला वेंट ऐकू यायचं. दुसरं काही नाही. त्यांच्याहून चांगली बाई माझ्या शाळेत तेव्हाही नव्हती आणि नंतरही आली नाही.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, भरल्या सभेत माणूस घाबरतो, तोंडातून काहीतरी जातं. मीही स्वतःला तेच समजावलं असतं. पण मग तो फोन आला. जूनच्या आधी गावातल्याच एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी विचारलं, “तुमच्याकडच्या गिरिजा बाई आमच्याकडं इंग्रजीसाठी आल्यात. कशा आहेत?” तेव्हा समोर पाहुणा नव्हता, माइक नव्हता, हसणारं कुणी नव्हतं. खोली रिकामी होती. एक वाक्य बोलायचं होतं आणि त्या बाईंचं कोल्हापुरातलं पोट त्या वाक्यावर होतं.

मी म्हणालो, “माणूस चांगलाय, इंग्रजी कच्चं आहे.”

त्यांना ती नोकरी मिळाली नाही. पुढं कोल्हापुरात त्यांना इंग्रजी शिकवायला कुणी घेतलं नाही. त्या गावाकडे परत गेल्या, एवढंच ऐकलं. अश्विनी पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली. जायच्या आधी उरलेले महिने वर्गात सगळे एका सुरात म्हणायचे तेव्हा ती नुसते ओठ हलवायची. मी दारातून बघितलंय.

पुढच्या जूनमध्ये मी नियोजन पुन्हा काढलं. गणपतीपर्यंत व्याकरणाचं नाव नाही, पोरांच्या स्वतःच्या दोन ओळी, व्याख्या पाठ नाहीत — बाईंनी माझ्याकडून ओढून घेतलेला एकेक महिना मी तसाच ठेवला. उताऱ्यात वेंट केलं. सरकारनं पहिलीपासून इंग्रजी आणलं तेव्हा आजूबाजूच्या शाळांचे लोक ते बघायला आले. सर, तुम्हाला पोरांचं बरोबर कळतं, म्हणाले. मी मान डोलावली, चहा सांगितला.

त्या तिघांवर मी अजून चिडतो. सवय झालीय. पण चिडताना आता मला त्यांच्या रांगेत चौथी खुर्ची दिसते.

बोलताना माझ्या तोंडात अजून हॅडच येतं. बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. एका ठिकाणी मात्र चुकत नाही. पाहुणे हसले, मी हसलो, फोन आला — त्या सगळ्याच्या आधी, मे महिन्यात, माझ्या टेबलाशी बसून बाईंनी मला सांगितलं होतं. एका गोष्टीच्या आधी दुसरी. इथं हॅड बरोबर आहे.