गजेंद्रचा तपकिरी पट्टा

गजेंद्र सातवीपर्यंत माझ्या वर्गात होता. पहिल्या बाकावर बसायचा, पण हुशार म्हणून नव्हे, उंची कमी म्हणून. सोळाव्या वर्षी तो नवागामच्या एका लूम कारखान्यात, कापड विणायच्या यंत्रांवर, लागला आणि तेविसाव्या वर्षापर्यंत त्याचे कान जवळजवळ गेले. लूमवर याचं कुणाला नवल नसतं. त्या खडखडाटात सगळे नुसते ओठ हलवून बोलतात. आठ मशीन पलीकडून दिलेली शिवी गजेंद्र ओठांवरून ओळखायचा आणि हसून परत करायचा.

घर आणि कारखाना सोडून ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. आई मंगलाबाईंनी बजावलं होतं, "कोनले सांगजो नको, भाऊ. भयरा शे म्हनतीन, मंग पोर कोन दी तुले?"

चोविसाव्या वर्षी तो गोडादऱ्यात मगनसरांच्या कराटे वर्गात जाऊ लागला. पांढरा पट्टा बांधून दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभा राहायचा. पोरं त्याला काका म्हणत. लूमवरचे सोबती विचारत, "काय भो, आज कोना दात पाडात?"

पिवळा पट्टा झाला, हिरवा झाला, तपकिरी झाला. तंबाखू सुटली. मान खाली घालून चालणारा गजेंद्र मुकादमाच्या डोळ्यांत बघून बोलू लागला. मगनसर इतरांना सांगत, "गजेंद्र को देखो. मेरे पर से आँख नहीं हटाता." नजर हटवली तर आपलं बोलणं त्याला कळणारच नाही, हे सरांना माहीत नव्हतं.

सरांनी शब्द दिला होता की काळा पट्टा मिळाला, की एका खासगी शाळेत कराटे शिकवायची जागा त्याची. म्हणजे लूम सुटणार होता. चार वर्षं तो त्या एका परीक्षेसाठी बारा तासांची पाळी करून घाम गाळत होता.

परीक्षेत लढतीला समोर आला गोपाल, एकोणीस वर्षांचा. पट्ट्याची गाठ बांधण्यापासून सगळं त्याला गजेंद्रनेच शिकवलेलं. पंच बाहेरगावचे होते. फिरत फिरत ते गजेंद्रच्या पाठीमागे गेले आणि ओरडले, "यामे!" म्हणजे थांबा. गोपालने ऐकलं आणि हात खाली सोडले. गजेंद्रला एवढंच दिसलं की समोरच्याचे हात खाली आले. इतका वेळ तो त्याचीच वाट बघत होता. त्याने ठोसा मारला.

गोपालचं नाक मोडलं. पुढचे दोन दात फरशीवर पडले.

"सुना नहीं तूने?" पंचांनी समोर येऊन विचारलं.

जोशात चूक झाली म्हणाला असता, तर सहा महिन्यांची शिक्षा होऊन पुन्हा परीक्षेला बसता आलं असतं. पण तोंडावरचा टॉवेल बाजूला करून गोपाल म्हणाला, "मुद्दाम मारलंत ना, गजूभाऊ? हात खाली होते माझे."

गजेंद्रने ते ओठ वाचले. "नाही रे," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.

"चार साल मेरे को उल्लू बनाया?" मगनसर पुढे आले आणि त्यांनी सगळ्यांसमोर त्याच्या कमरेचा तपकिरी पट्टा सोडून घेतला. "बहरे के हाथ में बच्चे कौन देगा?"

गजेंद्र त्यांच्यापुढे वाकला आणि बाहेर पडला.

घरी मंगलाबाई म्हणाल्या, "खोटं बोलता उनं नही तुले?" त्यानंतर महिनाभर त्या मुलाशी तोंड फिरवून बोलत. ताट वाढलं आहे हेसुद्धा त्याला कळू देत नसत.

गोपालचं नाक वाकडं बसलं. पुढच्या परीक्षेत त्याला काळा पट्टा मिळाला आणि शाळेतली जागाही.

परवा सकाळी माझ्या दारासमोरून गजेंद्र पाळी संपवून चालला होता. मागून गोपाल शाळेची पोरं घेऊन मैदानाकडे निघालेला.

"यामे!" एक पोरगी ओरडली. मग तिघं-चौघं ओरडली. गजेंद्र चालत राहिला. पोरं खिदळली.

"असं नाही रे," गोपाल म्हणाला. "हे बघा."

तो धावत गजेंद्रच्या समोर जाऊन उभा राहिला आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, तोच शब्द म्हणाला.

गजेंद्र जागच्या जागी थांबला. टाचा जुळवल्या, हात मांड्यांना लावले आणि कमरेतून वाकला. पोरांनी टाळ्या पिटल्या.

समोरचा उलट वाकून नमस्कार करेपर्यंत सरळ व्हायचं नाही, हे गोपालला त्यानेच शिकवलं होतं. गोपालने न वाकताच पोरांना हाताने खुणावलं आणि सगळे मैदानाकडे निघून गेले. गजेंद्रची मान खाली होती. ते गेले हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं.